पांढऱ्या केसांवर रंग बसत नाही? ट्यूब बदलण्याआधी हे तपासा

रूट टच-अप, म्हणजे मुळांशी नव्याने उगवलेल्या केसांना रंग लावणं, झालं, केस धुतले, वाळवले. क्लायंट आरशाजवळ वाकते, बोटाने कानावरचे केस मागे सारते, आणि तिथे पाच-सहा चंदेरी तारा तशाच चमकत असतात. शिकणाऱ्या मुलामुलींच्या खुर्चीमागे उभी राहून हा प्रसंग मी इतक्यांदा पाहिला आणि सुधारला आहे, की पांढरं नेमकं कुठे उरलंय ते दिसलं की चूक कुठे झाली याचा अंदाज येतो. मी ज्या क्रमाने तपासते तोच क्रम इथे देते आहे. आधी फुकटात होणाऱ्या गोष्टी, मग थोड्या खर्चाच्या, आणि शेवटी जिथे आपण हात थांबवायचा त्या.

आधी लक्षण नीट बघा

"रंग बसला नाही" हे एकच वाक्य आपण पाच वेगळ्या दोषांसाठी वापरतो, तिथेच गोंधळ सुरू होतो.

पहिला प्रकार सगळ्यात नेहमीचा: कानशिलं आणि कपाळाची कड पांढरी राहते, बाकी डोकं व्यवस्थित. दुसरा: मागच्या बाजूला, आतल्या थरात पांढरे ठिपके किंवा पट्टे. तिसरा: केस झाकला गेला आहे पण रंग विरळ दिसतो, उजेड आरपार जातो, पांढरा केस पांढरा नाही पण भरीवही नाही. चौथा: पहिल्या दिवशी सगळं छान, तीन-चार वेळा केस धुतले की पांढरं परत वर. पाचवा: पांढरे होते तेवढेच केस भडक सोनेरी किंवा तांबडे झाले, बाकीचे शांत.

हे बघायचं ते केस पूर्ण वाळल्यावर, खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात. ओला केस नेहमी गडद दिसतो, बेसिनवर "झाला की!" म्हणून सोडलेला केस ड्रायरखाली उघडा पडतो. उरलेलं पांढरं कुठे आहे ते क्लायंटच्या कार्डावर डोक्याचं साधं चित्र काढून खुणा करून ठेवा. फक्त कडेला असेल तर संशय केसाच्या हट्टीपणावर किंवा रंग वाळण्यावर, मागे ठिपके असतील तर हातावर, आणि सगळीकडे सारखंच असेल तर वेळ, माप किंवा शेडवर.

आणि एक गोष्ट आत्ताच सांगते, कारण नेमकी हीच चूक सगळे करतात. पांढरं उरलं की पुढच्या वेळी एकतर एक लेव्हल गडद ट्यूब घेतली जाते, नाहीतर २०च्या जागी ३० व्हॉल्यूम डेव्हलपर (रंगात कालवायचं पेरॉक्साइडचं द्रावण; व्हॉल्यूम म्हणजे त्याची ताकद) ओतला जातो. पहिल्याने बाकीचे केस विनाकारण काळे होतात. दुसऱ्याने काय होतं ते पुढे येईलच. दोन्हीही उपाय नाहीत.

घड्याळ

पहिला प्रश्न मी हाच विचारते: वेळ कधीपासून मोजला? उत्तर बहुतेक वेळा येतं, "लावायला घेतलं तेव्हापासून." वेळ मोजायचा तो शेवटचा ब्रश फिरल्यापासून. लावायलाच अर्धा तास गेला आणि एकूण ४० मिनिटांनी धुतलं, तर शेवटच्या भागाला जेमतेम दहा मिनिटं मिळाली.

एवढ्या मिनिटांवर अडून बसायचं कारण असं. पर्मनंट रंगातले कण ट्यूबमध्ये लहान आणि जवळजवळ बिनरंगाचे असतात. अमोनिया किंवा त्याच्या जागी वापरलेला दुसरा अल्कली केस फुगवतो, बाहेरचे खवले उघडतो. लहान कण आत शिरतात. डेव्हलपरमधला पेरॉक्साइड त्यांना एकमेकांना जोडतो, आणि जोडून मोठे झालेले कण आत अडकून राहतात. ही जोडणी पूर्ण व्हायला वेळ लागतो. वेळेआधी धुतलं तर अर्धवट जोडलेले लहान कण खवल्यांमधून पुन्हा बाहेर पडतात. तीन-चार धुण्यांत रंग उतरतो त्याचं मोठं कारण हे आहे. पांढऱ्या केसांसाठी बहुतेक पर्मनंट रंगांच्या पत्रकात ३५ ते ४५ मिनिटं दिलेली असतात. तुमच्या ट्यूबच्या पत्रकातला आकडा पाळा, शेजारच्या टेबलावरचा नाही.

हात अजून हळू चालत असेल तर सगळा रंग एकदम कालवू नका. कालवल्या क्षणापासून बाऊलमध्येही तीच जोडणी सुरू होते, आणि बाऊलमध्ये मोठा झालेला कण केसात शिरत नाही. निम्मा कालवा, संपत आला की उरलेला निम्मा. एवढ्याने माझ्या कित्येक विद्यार्थ्यांचं मागच्या भागातलं पांढरं गायब झालं आहे.

ब्रशवर किती रंग, आणि भांग किती जाड

माझा सगळ्यात जास्त वेळ याच तपासणीवर जातो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

एकदा एका विद्यार्थिनीने मला बोलावलं: सगळं पत्रकाप्रमाणे केलं, तरी दोन वेळा कानशिलं पांढरीच. तिचं पुढचं काम मी बाजूला उभी राहून पाहिलं. रंग लावून पंचवीस मिनिटं झाली होती. डोक्यावरचा लगदा काळाभोर दिसत होता, क्लायंटला वाटत होतं काम फत्ते झालं. मी टेल कॉम्बच्या टोकाने कानावरची एक बारीक बट उचलली, ओल्या कापसाने मुळापासून पुसली आणि गडद टॉवेलवर आडवी धरली. बटेच्या वरच्या अंगाला रंग होता, खालच्या अंगाला पांढराशुभ्र केस, कोरडा. ब्रश केसावरून फिरला होता, केसाभोवती फिरला नव्हता. शिवाय कडेचा थर इतका पातळ होता की तो वाळून पापुद्रा झाला होता.

वाळलेला रंग काम करत नाही. पाणी उडून गेलं की कणांचं केसात शिरणं तिथेच थांबतं. कानशिलावर आणि कपाळाच्या कडेला केस कमी, हवा लागते, आणि तिथेच आपण कातडीला डाग पडेल या भीतीने हात आखडता घेतो. म्हणजे सगळ्यात हट्टी जागी सगळ्यात कमी रंग. डागासाठी कडेला बॅरियर क्रीम लावा, पण बोट केसावर जाऊ देऊ नका. क्रीम लागलेला केस रंग धरत नाही आणि ती पांढरी रेघ अगदी कपाळावरच दिसते.

मी असं करायला सांगते: भांग अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको. थर बोटांत धरून त्यातून पलीकडचं बोट दिसलं पाहिजे. भांगाच्या दोन्ही बाजूंना रंग, आणि ब्रश मुळाशी आडवा दाबून नाही तर थोडा तिरपा धरून, म्हणजे लगदा केसावर बसतो, खरवडला जात नाही. जिथे पांढरं सगळ्यात जास्त तिथून सुरुवात. त्या जागी वेळही जास्त मिळतो आणि ताजा रंगही. पूर्ण डोकं झालं की कडेवर परत एक ताजा हात फिरवा. कडेचे केस डोक्याला चापूनचोपून बसवू नका. कंगव्याच्या टोकाने थोडे उचलून मोकळे ठेवा.

आणि ती ओल्या कापसाची तपासणी प्रत्येक वेळी करा, वेळ संपायच्या पाच मिनिटं आधी, कमीत कमी चार ठिकाणी. लगद्याच्या रंगावर विश्वास ठेवू नका. लगदा हवेनेच काळा पडतो.

वजनकाटा

अंदाजाने ओतलेला डेव्हलपर हे विरळ रंगाचं, म्हणजे तिसऱ्या लक्षणाचं, पहिलं कारण. पत्रकात १:१ असेल तर ६० ग्रॅम रंगाला ६० ग्रॅम डेव्हलपर. १:१.५ असेल तर ९०. बाऊल काट्यावर ठेवून शून्य करा, रंग पिळा, परत शून्य करा, डेव्हलपर ओता. डेव्हलपर जास्त झाला की लगदा पातळ आणि पसरायला सोपा होतो, म्हणून नकळत तो जास्तच पडतो. पण तेवढ्याच जागेत रंगाचे कण कमी होतात. काळ्या केसात हे लपतं, कारण त्याच्या आत स्वतःचा रंग आहे. पांढऱ्यात आत काहीच नाही. तुम्ही घालाल तेवढंच दिसणार.

डेव्हलपर: ताकद आणि ताजेपणा

पांढरे केस झाकायला नेहमीचा डेव्हलपर २० व्हॉल्यूम, म्हणजे ६% पेरॉक्साइड. १० व्हॉल्यूम ३%, ३० व्हॉल्यूम ९%, ४० व्हॉल्यूम १२%. १० कमी पडतो, कारण तो केसही पुरेसा उघडत नाही आणि कणांची जोडणीही पूर्ण होत नाही.

मग ३० का नको? पेरॉक्साइड दोन कामं करतो: रंगाचे कण जोडतो आणि केसातलं मेलानिन, म्हणजे त्याचा नैसर्गिक रंग, फिकं करतो. ताकद वाढवली की दुसरं काम वाढतं. पांढऱ्या केसात फिकं करायला मेलानिनच नाही, तिथे फायदा शून्य. शेजारच्या काळ्या केसातलं मेलानिन मात्र उडतं आणि खालचा लालसर-नारिंगी रंग वर येतो. म्हणजे पांढरं तसंच, वर मुळं तांबडी आणि टाळूला आग. एक तक्रार घेऊन आलेली क्लायंट तीन घेऊन जाते.

ताजेपणा तपासा. पेरॉक्साइड उजेड, उष्णता आणि धातूच्या संपर्काने मोडतो आणि त्याचं पाणी व ऑक्सिजन होतं. झाकण सैल राहिलेली, खिडकीत ठेवलेली, उरलेला डेव्हलपर परत आत ओतलेली बाटली बाहेरून तशीच दिसते, पण लेबलावरची ताकद तिच्यात नसते. संशय असेल तर स्वस्तातली परीक्षा ही: एकच ट्यूब, दोन छोटे बाऊल, एकात जुना डेव्हलपर, दुसऱ्यात नव्या सीलबंद बाटलीतला. कापलेल्या पांढऱ्या केसांच्या दोन बटा, सारखा वेळ, धुऊन वाळवून शेजारी ठेवा. फरक दिसला तर जुनी बाटली टाकून द्या. धातूचा बाऊल किंवा चमचा अजिबात नको.

शेड

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तर आता ट्यूबकडे वळा. पाचवं लक्षण, पांढरा केस भडक होणं, इथलंच.

शेडच्या आकड्यात टिंबाआधीचा अंक खोली सांगतो, १ काळा ते १० अतिफिका. टिंबानंतरचा अंक छटा. छटांचे अंक सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, चार्ट बघूनच ठरवा. बऱ्याच चार्टांत .३ म्हणजे सोनेरी आणि .० म्हणजे नॅचरल. छटेच्या शेडमध्ये ठळक एकाच रंगाचे कण जास्त असतात, आणि केसातलं मेलानिन खालून आधार देईल हे गृहीत धरलेलं असतं. पांढऱ्यात तो आधार नाही, म्हणून ६.३ एकटी लावली की पांढरा केस सोनेरी दिव्यासारखा पेटतो, आणि राखाडी छटा एकटी लावली की मळकट हिरवट-निळसर दिसतो. नॅचरल शेडमध्ये लाल, पिवळ्या, निळ्या तिन्ही बाजूंचे कण असतात. हरवलेला पाया ती भरून काढते.

माझं प्रमाण साधं आहे. पांढरं एक चतुर्थांशाच्या आत असेल तर छटेची शेड एकटी चालते. निम्म्याच्या आसपास असेल तर निम्मी नॅचरल: ३० ग्रॅम ६.० आणि ३० ग्रॅम ६.३, १:१ मापाने ६० ग्रॅम डेव्हलपर. तीन चतुर्थांशाच्या वर गेलं तर ४० ग्रॅम ६.० आणि २० ग्रॅम ६.३. पांढऱ्याचं प्रमाण डोकं एकदम बघून ठरवू नका. कानशिलं ९०% आणि मागे २०% असं नेहमीच असतं. तेव्हा पुढच्यासाठी वेगळा बाऊल कालवा. थोडं कष्टाचं आहे, पण करा.

एक प्रश्न क्लायंटच्या आधीच्या फाइलला विचारा: लावलेला रंग खरंच पर्मनंट होता का? डेमी-पर्मनंट कमी ताकदीच्या डेव्हलपरवर चालतो. तो पांढऱ्याला बाकी केसांत मिसळवतो, पूर्ण झाकत नाही, आणि धुण्यागणिक फिका होतो. तो दोष नाही, त्याचा स्वभावच तो.

केसावर आधीच काय बसलंय

सिलिकॉनचे सीरम, वॅक्स, तेलाचा जाड थर, जड पाण्याचे क्षार, रोजचा ड्राय शाम्पू. हे सगळं खवल्यांवर बसतं आणि रंगाला वाट देत नाही. आदल्या दिवशी क्लॅरिफाइंग शाम्पूने धुवायला सांगा. अगदी त्याच वेळी टाळू घासून धुऊ नका. टाळूचं स्वतःचं तेल जळजळ कमी करतं. केस पूर्ण कोरडे असतील तेव्हाच लावा, ओल्यात रंग पातळ होतो.

खरोखर हट्टी केस

वेळ, हात, माप, डेव्हलपर, शेड, स्वच्छता, सगळं ठीक आणि तरीही कानशिल पांढरं? मग तो केसच तसा आहे: जाड, काचेसारखा गुळगुळीत, खवले घट्ट मिटलेले. बोटांत धरून टोकाकडून मुळाकडे सरकवलात तर कुठेही अडकत नाही.

यासाठी प्री-सॉफ्टनिंग. रंग न घालता नुसता २० व्हॉल्यूम डेव्हलपर ब्रशने फक्त त्या हट्टी जागी लावा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, न धुता टॉवेलने टिपून घ्या आणि त्यावर नेहमीचा रंग लावा. खवले आधीच थोडे सैल झालेले असतात. शेजारच्या काळ्या केसांवर डेव्हलपर पसरू देऊ नका, तिथे तांबूस डाग पडेल. टाळू आधीच चुरचुरत असेल तर हे करूच नका. आणि पहिल्या भेटीतच प्री-सॉफ्टनिंगवर उडी मारू नका. मला दाखवलेल्या "हट्टी" डोक्यांतली बहुतेक डोकी नुसत्या रंगाच्या जाड थराने आणि पूर्ण वेळाने झाकली गेली.

उरलेलं पांढरं त्याच दिवशी झाकायचं असेल तर टाळू शांत असेल तरच, फक्त तेवढ्याच जागी, नॅचरल शेड आणि २० व्हॉल्यूम, पूर्ण वेळ. एकदाच. तेवढ्यानेही नाही झालं तर पुढची भेट द्या.

इथे थांबा

आधी काळी मेहंदी, "आपोआप काळे करणारा" द्रव किंवा नाव-गाव नसलेली पावडर लावलेली असेल तर थांबा. शुद्ध मेहंदीतलं लॉसोन हे रंगद्रव्य केसाच्या केराटिनला, म्हणजे केस ज्या प्रथिनाचा बनतो त्याला, चिकटतं. त्यावर रंग असमान बसतो, पण धोका त्याचा नाही. धोका मिसळलेल्या धातूंच्या क्षारांचा. पेरॉक्साइडशी ते तापतात, केस मोडतात. याची परीक्षा अशी: काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड, त्यात २८% अमोनियाचे २० थेंब, आणि क्लायंटच्या केसांची कापलेली बट ३० मिनिटं. बट गरम झाली, फसफसली, उग्र वास आला किंवा झटक्यात रंग बदलला तर धातू आहे. चांदीच्या क्षारात उलट काहीच होत नाही, बट जशीच्या तशी राहते, म्हणून काही झालं नाही म्हणजे धातू नाही असं समजू नका. अमोनिया डोळ्यांना आणि श्वासाला घातक असतो, म्हणून ही परीक्षा शिक्षकांसमोर, हातमोजे आणि चष्मा घालून, खिडक्या उघडूनच करा. धातूचा संशय उरला तर रंग नाही. अनुभवी कलर करेक्शन करणाऱ्याकडे पाठवा किंवा तो केस वाढून कापला जाईपर्यंत थांबायला सांगा.

ओला केस ताणला की रबरासारखा लांबतो आणि परत येत नाही, किंवा तुटतो: तेव्हाही तुम्ही नाही, अनुभवी हात. दोन वेळा सगळं नीट करूनही तीच जागा पांढरी राहिली तर तिसऱ्यांदा स्वतः लावू नका, शिक्षकांना खुर्चीजवळ बोलवा आणि त्यांना तुमचं माप, वेळ आणि शेड लिहिलेलं कार्ड दाखवा. कार्डाशिवाय त्यांनाही पुन्हा पहिल्यापासूनच सुरुवात करावी लागेल.

टाळूवर जखम, खपल्या, पुरळ, लाल चट्टे, अचानक विरळ झालेली गोल जागा, किंवा काळ्या केसांत एकाएकी उगवलेला पांढऱ्यांचा पुंजका असेल तर त्वचारोगतज्ज्ञ. आपण त्यावर ब्रश टेकवायचा नाही.

पॅच टेस्ट, म्हणजे त्वचेवर थोडा रंग लावून ॲलर्जी तपासणं, ४८ तास आधी, कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला, दर वेळी. याच क्लायंटला दहा वेळा हाच रंग लावला असला तरीही, कारण रंगातल्या पॅराफिनायलिनडायमिन या रसायनाची ॲलर्जी अकराव्या वेळीही उपटू शकते. पांढरं झाकायला परत लावताना घाईत नेमकी हीच पायरी गाळली जाते. खाज, सूज किंवा जळजळ सुरू झाली तर वेळ संपायची वाट न बघता लगेच भरपूर कोमट पाण्याने धुवा आणि डॉक्टरांकडे पाठवा. पापण्या किंवा ओठ सुजले, श्वास लागला, तर आधी रुग्णवाहिका बोलवा. ट्यूबचं खोकं आणि पत्रक क्लायंटसोबत द्या, म्हणजे आत काय होतं ते डॉक्टरांना वाचता येईल.